दुसऱ्या पावलाचा जोर

हलकं, धप्

मिठागराचा वाफा तुडवावा लागतो. पावसाळ्याने त्याचा तळ लोण्यासारखा मऊ करून ठेवलेला असतो. तो तसाच राहू दिला तर मीठ चिखलात रुतून काळं निघतं. म्हणून दिवाळी सरली की बायका वाफ्यात उतरतात, ओळीने उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालतात आणि पायांनी तळ चोपत पुढे सरकतात. पहिलं पाऊल हलकं. ते नुसतं विचारायला: इथे किती खोल आहे? दुसरं पाऊल जड. ते उत्तर.

हलकं, धप्.
हलकं, धप्.

सखुबाईने हे काम ठमी पोटात असताना केलं आणि पुढच्या वर्षी ठमीला पाठीशी बांधून केलं. चालायला शिकण्याआधी पोरीने हे ऐकलं होतं.

पुढे अडुसष्ट साली मुंबईच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा एक चष्मेवाला साहेब ठमीला म्हणाला, "ह्याला रॉक म्हणतात, बाई. साऱ्या जगातली तरणी पोरं ह्याच्यापायी वेडी झालीत. आपल्याकडे असली गिटार मी कोणाच्याच हातून ऐकली नाही. हा ठेका कुठल्या गोऱ्याकडून उचलला?"

ठमी म्हणाली, "चिखलाकडनं."

साहेब हसला. त्याला वाटलं, बाई चेष्टेखोर आहे. शेजारी बसलेली सखुबाई हसली नाही. तिला ठाऊक होतं, पोरगी खरं तेच बोलते. पण अर्धंच बोलते.

उरलेलं अर्धं असं.

मडमेचा भोपळा

सत्तेचाळीस साली मांडव्याच्या किनाऱ्यावरचे गोऱ्यांचे बंगले एकेक करून रिकामे झाले. सखुबाईचा नवरा चांगदेव तेव्हा मिठाच्या मचव्यावर खलाशी होता. एका मडमेचं सामान त्याने मुंबईला पोचवलं. पेट्या, आरसा, पाय मोडलेली खुर्ची, कुत्रा. शेवटी मडमेच्या हातात एक लाकडी वस्तू राहिली. तिने ती थोडा वेळ छातीशी धरली, मग चांगदेवच्या हातात दिली आणि धक्क्याच्या पायऱ्या चढून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

चांगदेव ती थोरल्या खारीला घेऊन आला. थोरली खार हे धरमतरच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. तीन बाजूंना मिठागर, चौथ्या बाजूला स्मशान.

"यो काय हाय?" सखुबाईने विचारलं.

"मडमेचा भोपला."

सखुबाईने वस्तू उलटीपालटी करून पाहिली. पोकळ, कोरडी, मधे गोल भोक. वर सहा तारा, त्यातल्या दोन तुटलेल्या. बियाणं ठेवायला असलं भांडं शोधून सापडलं नसतं. तिने शिराळ्याच्या, दुधीच्या, पडवळाच्या बिया राखेत घोळवून आत टाकल्या, भोकात चिंधीचा बोळा कोंबला आणि भोपळा आढ्याला टांगला. त्यात एक फायदा निघाला. उंदीर तारेवर चढला की टंग्‌ वाजायचं आणि चांगदेव काठी घ्यायचा.

ठमी नऊ वर्षांची झाली तेव्हा उंदीर नसतानाही तार वाजायला लागली.

गळा

सखुबाई धवलारीण होती. ज्याने आगऱ्यांचं लग्न पाहिलं नसेल त्याने एवढंच लक्षात घ्यावं: लग्न लावते ती धवलारीण. तांदूळ कांडायचा धवला, तेलाचा, हळदीचा, पाठवणीचा. ती गाते तेव्हा हळद लागते. ती थांबली की मांडव थांबतो. सखुबाईला हे धवले तिच्या सासूने दिले, सासूला तिच्या सासूने. कागदावर एकही नव्हता.

गायची रीत अशी. धवलारीण ओळ म्हणते आणि बाकीच्या बायका शेवटचा शब्द तेवढा झेलतात.

*पयली हलद कोनाला गो, कोनाला
भरतीच्या भरल्या पान्याला गो, पान्याला*

पण लग्न असतं तीन दिवसांचं. तिसऱ्या दिवशी धवलारणीचा गळा फाटतोच. तो फाटला की बायका नुसता शब्द झेलून थांबत नाहीत, अख्खी ओळ उचलतात. म्हातारीला श्वास घेऊ देतात. ह्याला टेकू देणं म्हणतात. टेकू कोणी सांगून देत नाही. आवाज चिरकला की आपोआप येतो, पडणाऱ्याला हात जातो तसा.

सखुबाईच्या उजव्या हाताला काशी बसायची. तीस वर्षं झेललं तिने. सखुबाईच्या खोकल्याआधी काशी पाण्याचा तांब्या पुढे करायची.

आणि सखुबाईची एकुलती लेक ठमी. तिला गळा नव्हता. म्हणजे गळा होता, पण त्यातून जे यायचं ते ऐकून काशी एकदा म्हणाली, "पोरी, तू नको गो गाऊ. कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतील."

ठमीने मनावर घेतलं. ती गायची बंद झाली आणि भोपळ्याला लागली.

मिठागराच्या कचेरीत मेहताजींचा रेडिओ होता. मेहताजी गुजराती, एकटा राहणारा, दुपारी सिलोन लावून डोळे मिटून पडायचा. ठमी तिथे पाण्याचा हंडा भरायला जायची आणि एका हंड्याला तिला तासभर लागायचा. रेडिओवर गोऱ्या पोरांची गाणी लागली की मेहताजी कूस बदलून म्हणायचा, "बंद कर ने, छोकरी! माथु दुखे छे!" ठमी म्हणायची, "बटन सापडत नाय, मेहताजी." तेवढ्यात गाणं संपायचं.

घरी येऊन ती ते तारांवर शोधायची. तुटलेल्या तारांच्या जागी तिने सायकलच्या ब्रेकची वायर उलगडून एकेक पदर लावला. खाऱ्या वाऱ्याने तारा आठ दिवसांत गंजायच्या, म्हणून ती त्यांना खोबरेल चोळायची. त्याने आवाज जाड झाला, भात उतू जाण्याआधी झाकण हलतं तसा. बिया तिने हलवून हलवून काढल्या, पण एक शिराळ्याची बी आत कुठेतरी अडकली ती अडकलीच. प्रत्येक ठोक्याला ती आतून टकटक करायची.

गोऱ्यांचं गाणं ठमीच्या हातात फार दिवस गोऱ्यांचं राहिलं नाही. तिची बोटं आपोआप आईच्या चालींकडे वळायची, आणि ठेका पायांकडे. हलकं, धप्.

चांगदेव ओटीवर बसून ऐकायचा. "हिला नवरा नको, भोपला पायजे," असं शेजारीण म्हणाली तर तो म्हणायचा, "बरा हाय भोपला. दारू नाय पीत."

गाठ

साठ साली सखुबाईच्या गळ्यात गाठ आली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ती कापली. श्वास वाचला, अन्न वाचलं, बाई वाचली. आवाज गेला. जो उरला तो सुपात खडे घोळल्यासारखा. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला नुसती हवा.

दोनशेच्या वर धवले पोटात आणि दार बंद.

ती काशीला शिकवायला बसली. काशी म्हणाली, "सखू, मी झेलनारी. फेकनारी नाय." आणि खरंच, पहिली ओळ उचलायची वेळ आली की काशीची जीभ टाळ्याला चिकटायची. इतर बायकांचंही तेच. दोन वर्षांत गावात सात लग्नं लागली. पहिल्याला शेजारच्या गावची धवलारीण आणली, ती पुढच्या वर्षी वारली. मग तबकड्या आल्या.

सखुबाई लग्नांना जायची बंद झाली. चुलीपुढे बसून ओठ हलवत धवले मोजायची. एखादा आठवायला उशीर झाला की तिच्या अंगाला घाम सुटायचा. एकदा तेलाच्या धवल्यातली चौथी ओळ दोन दिवस सापडली नाही. सापडली तेव्हा ती मीठ भरायचं टोपलं हातात धरून बांधावरच बसली आणि रडली. तिला मरायची भीती नव्हती. आपण रिकाम्या होऊन मरू, ही होती.

कर्णा

बासष्टच्या वैशाखात गावच्या येसाजीची मुलगी सगुणा हिचं लग्न ठरलं. येसाजी स्वतः सांगायला आला. दारात चपला काढून उभा राहिला, पण आत आला नाही.

"सखुवयनी, राग नको धरूस. सगुनाच्या हलदीला पेणचा कर्णा सांगितलाय. तुझा गला असता तर गोष्टच नव्हती."

सखुबाईने मान हलवली. बोलून उपयोगही नव्हता.

तो गेल्यावर ठमी म्हणाली, "आये, मी वाजवते धवला."

"नाय."

"हिरामण बोलला, कर्ण्यातनं येल."

हिरामण म्हणजे तोच पेणचा कर्णेवाला. एक ॲम्प्लिफायर, एक मोटारीची बॅटरी, दोन कर्णे, सतरा तबकड्या आणि भरपूर बोलणं असा त्याचा संसार. मागच्या जत्रेत त्याने ठमीचं वाजवणं ऐकलं, आणि लढाईच्या वेळच्या कुठल्यातरी मोडक्या हेडफोनची चकती भोपळ्याच्या तारांखाली बसवून दिली. "आता ह्याला कान फुटला," तो म्हणाला. "ह्यानं ऐकलं का कर्णा बोलनार."

"लोखंडावर धवला वाजवायचा नाय," सखुबाई खरखरत म्हणाली. "चाल तुना येते. पन चाल तर सगल्यांची सारखीच. धवला बोलात असतो. तुझ्या तारेला बोल कुठं हाय?"

"बोल बायकांच्या पोटात हायत."

"त्या झेलनाऱ्या."

"तीस वर्सं झेलतायत, आये. झेललेलं जातं कुठं? खाली तर पडत नाय."

सखुबाईजवळ ह्याला उत्तर होतं, पण ते लांब होतं आणि तिची हवा संपली होती. ती उठून बाहेर गेली.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी तिने पडवीत पाहिलं. ठमी तारांना खोबरेल चोळत होती आणि आवाज न करता, नुसत्या डाव्या हाताच्या बोटांनी, धवले एकामागून एक फिरवत होती. सखुबाई बोटं पाहत राहिली. कांडणाचा. तेलाचा. तेलाच्या धवल्याची चौथी ओळ आली तेव्हा बोट जरा थबकलं आणि बरोबर जागी पडलं. तीच जागा, जी सखुबाईला दोन दिवस सापडली नव्हती.

सखुबाईने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच. ठमी समजली.

पाणी

आता चूक.

हळदीच्या दिवशी सकाळी हिरामणने बॅटरी सखुबाईच्याच पडवीत आणून ठेवली, कारण येसाजीचा मांडव समोरच होता. बुचं उघडून आत डोकावला. "मावशी, पानी उतरलंय. जरा वरपर्यंत भरून ठेवा. मी कर्णे बांधून येतो." आणि पिशवीतली काचेची बाटली, त्या कामाचं खास पाणी, बॅटरीशेजारी ठेवून शिडी घेऊन गेला.

सखुबाईने बाटली पाहिली. औषधाची असावी असं तिला वाटलं. हिरामणला सारखा खोकला असायचा. तिने ती उचलून नीट फळीवर ठेवून दिली.

पाणी भरायचं तर कुठलं? विहिरीचं पाणी वैशाखात अळणी, गढूळ. मिठागरातल्या माणसाला पाण्याची पारख शिकवावी लागत नाही. खाडीचं पाणी पहिल्या वाफ्यात येतं ते कच्चं. दुसऱ्यात थोडं धरतं. शेवटच्या वाफ्यात, मीठ पडायच्या आदल्या दिवशी, ते तेलासारखं जड होतं. त्याने जखम धुतात, लोणचं मुरवतात, दुखरा दात शेकतात. त्या पाण्याइतकी ताकद दुसऱ्या कुठल्या पाण्यात नाही, हे थोरल्या खारीत जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

आज पोरगी धवला वाजवणार होती. घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, तर ते द्यायचं.

सखुबाई उन्हातून शेवटच्या वाफ्यापर्यंत गेली, तांब्या भरून आणला आणि बॅटरीची सहाही तोंडं काठोकाठ भरली. बुचं फडक्याने पुसली. वर चिमूटभर कुंकूही लावलं.

मांडव

"आवाज येतंय का, आवाज? एक, दोन, एक, दोन..."

"येतंय र बाबा. स्मशानातले पन उठून बसले."

"काशीवयनी, सरक जरा. तुझ्या अंबाड्याआड नवरी दिसत नाय."

"ठमी काय घेऊन बसलीय मांडीवर? पोर हाय का?"

"भोपला हाय. पोरापेक्षा बरा, भूक नाय लागत."

"धवल्याच्या टायमाला तबकडी लावनार होते ना?"

"येसाजी भोपल्याला नाय बोलत होता. चांगदेवनी त्याला मांडवामागं नेला. काय बोलला कोन जाने, परत आला तो मुकाट."

"सखू आयली! दोन वर्सांनी मांडवात आयली. बस गो, बस. हितं बस."

सखुबाई तिच्या जुन्या जागी बसली. काशी उजवीकडे. सगुणा पाटावर, गालावर अजून हळद नाही, डोळे खाली. समोर ठमी, मांडीवर गिटार, वायर शेणाने सारवलेल्या जमिनीवरून ॲम्प्लिफायरपर्यंत गेलेली, त्याच्याशेजारी आणून ठेवलेली बॅटरी.

ठमीने पहिला धवला वाजवला.

स्वच्छ आला. फारच स्वच्छ. घासलेल्या पितळेसारखा लखलखीत, दोन्ही कर्ण्यांतून, खाडीपलीकडच्या गावापर्यंत. शेवटच्या शब्दाची जागा आली तिथे ठमी थांबली, झेलणाऱ्यांसाठी.

कोणीच झेललं नाही.

बायका तोंडं उघडी टाकून ऐकत होत्या, रेडिओ ऐकतात तशा. एक म्हणालीही, "मस्त वाजतंय गो." कौतुक होतं. पण कौतुकाने हळद लागत नाही. ठमीने दुसरी ओळ वाजवली आणि थांबली. पुन्हा तीच शांतता. येसाजीने हिरामणकडे पाहून तबकडीची खूण केली. सखुबाईने मांडीवरचं लुगडं मुठीत धरलं. तिला ओळ दिसत होती, बोल दिसत होते, ती ओठही हलवत होती, पण त्या लखलखाटात हवेला कोण विचारतो? तिच्या मनात आलं, झालं. इथवरच होतं.

तिसऱ्या ओळीला वास आला.

उग्र, नाकात टोचणारा. हिरामण बॅटरीवर वाकला आणि डोळे चोळत मागे झाला. "कोनी पानी घातलं? ओ, कोनी पानी घातलं हिच्यात?"

"मी," सखुबाई म्हणाली. ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

"कुठलं घातलं?"

तिने बोटाने शेवटच्या वाफ्याकडे दाखवलं. हिरामणने आधी वाफ्याकडे पाहिलं, मग बॅटरीवरच्या कुंकवाकडे. कपाळावर हात मारला.

आणि कर्ण्यातला आवाज बसला. लखलख गेली. सूर कडांनी फाटायला लागला, ओढल्यासारखा, घोगरा. मधेच बुडायचा, पुन्हा खरखरत वर यायचा. शिराळ्याची बी त्यात दगडासारखी वाजायला लागली. हिरामण ओरडला, "ठमे, थांब! मशीन मरतंय!" सखुबाईने डोळे मिटून घेतले. स्वतःच्या हाताने, कुंकू लावून, पोरीचा गळा कापला आपण.

ठमी थांबली नाही. तिने ओळ फेकली, फाटकी, अर्धी बुडालेली.

काशीचा हात तांब्याकडे गेला.

काशीला तो गेलेला कळलासुद्धा नाही. तीस वर्षांची सवय. मांडवात धवल्याचा गळा फाटला होता, आणि फाटला की काय करायचं ते काशीच्या हाडांना माहीत होतं. तांब्या तिने सखुबाईसमोर ठेवला, आणि तोंड उघडलं, आणि शब्द नव्हे, अख्खी ओळ उचलली:

*तिसरी हलद कोनाला गो, कोनाला
येशीवरच्या देवाला गो, देवाला*

डावीकडून दुसरीने टेकू दिला. मागून चौघींनी. ठमीने पुढची चाल फेकली, आणखी फाटकी, आणि ह्या वेळी मांडवातल्या पंचवीस-तीस बायका एकदम धावून आल्या. बोल होते. सगळे होते. कोणाला चौथी ओळ, कोणाला सातवी. एकीचं जिथे संपे तिथे दुसरीचं निघे. म्हाताऱ्या बसल्या जागी टाचेने जमीन चोपायला लागल्या. हलकं, धप्. हलकं, धप्. ठमीची बोटं त्या पायांवर स्वार झाली.

सातव्या ओळीला बॅटरी मेली. दोन्ही कर्णे टक्‌ करून गप्प झाले.

सखुबाईने डोळे उघडले.

धवला थांबला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. कर्ण्याशिवाय, विजेशिवाय, मांडवभर तो चालू राहिला आणि त्याच्याखाली, अगदी जवळ बसलेल्यालाच ऐकू येईल एवढी, तेल लावलेली तार आणि एक बी. येसाजीच्या बायकोने हळदीच्या ताटात बोटं बुडवली आणि सगुणाच्या गालाला लावली. सगुणाचेही ओठ हलत होते. आपल्याच हळदीचा धवला नवरीने म्हणू नये म्हणतात. ती म्हणत होती.

काशीने सखुबाईच्या कानाशी तोंड नेलं. "पी की पानी. कधीचा तांब्या ठेवलाय."

सखुबाईने प्यायलं. गोडं होतं.

त्यानंतर

हिरामण आठ दिवस बॅटरीच्या नावाने रडला. नवी आणली, बाटलीतलं पाणी घातलं, ठमीला वाजवायला लावलं. स्वच्छ. पुढच्या लग्नात बायका पुन्हा तोंडं उघडी टाकून बसल्या.

"मावशी," तो सखुबाईकडे येऊन ओशाळून म्हणाला, "एक तांब्या द्याल का?"

त्या वर्षात त्याने तीन बॅटऱ्या मारल्या. मग त्याला एक युक्ती सुचली. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त जोर लावला की तो तसाच फाटतो. पण ठमी म्हणायची, जवळपास हाय, तसा नाय. मोठ्या घरच्या लग्नाला म्हणून एक थकलेली बॅटरी तो वेगळी ठेवायचा.

गोष्ट पसरली. उरणपासून मुरुडपर्यंत बोलावणी यायला लागली. एसटीच्या टपावर कर्णे, मागच्या बाकावर सखुबाई, काशी आणि मांडीवर गिटार घेतलेली ठमी. "तिकीट किती?" कंडक्टर विचारी. "तीन बायका आनि एक भोपला," काशी म्हणे, "भोपला अर्धा." मुरुडला एका मुसलमान घरच्या लग्नाला त्यांनी कव्वालांच्या आधी वाजवलं. घरच्या आजीबाईंनी ठमीचा हात हातात घेऊन बोटांच्या टोकांवरचे घट्टे पाहिले आणि म्हणाल्या, "माशाल्ला, ये तो मेहनत का हाथ है." सखुबाईला ते सगळ्यात आवडलं.

एक तरणी पोरगी आणि एक कर्णेवाला असे गावोगाव फिरतात म्हणून लोक बोलले. बोलणारच. चौसष्ट साली हिरामणने चांगदेवला विचारलं. चांगदेव म्हणाला, "मना काय विचारतोस? भोपल्याला विचार." त्या लग्नात नवरीने स्वतःच्या हळदीला स्वतःच गिटार वाजवली. आता कोणी काही बोललं नाही.

आणि मग अडुसष्ट साल, मुंबई, चष्मेवाला साहेब.

खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या. वीज अखंड, आवाज पाण्यासारखा. ठमीने वाजवलं आणि काचेमागचा माणूस खूश झाला. ठमी नाही.

"ह्यात माझी आय नाय," ती म्हणाली.

साहेबाने जोर वाढवून पाहिला. ठमीने मान हलवली. त्याला पेच पडला. खाऱ्या पाण्याची बाटली हिरामणने पिशवीत आणली होती, पण ती बाहेर काढताच काचेमागचा माणूस किंचाळला.

मग ठमीने सखुबाईचा हात धरला आणि तिला तारेवर टांगलेल्या मायकाच्या लोखंडी डब्यासमोर उभं केलं.

"काय करू?" सखुबाईने विचारलं. आवाज सुपातल्या खड्यांसारखा. आठ वर्षांत तिने एकही ओळ मोठ्याने म्हटली नव्हती.

"फेक."

"हवा होते गो नुसती."

"होऊ दे. मी हाय टेकूला."

सखुबाईने डोळे मिटले. पायाखाली गुळगुळीत लादी होती, तरी तिने आधी हलकं पाऊल टाकलं, किती खोल ते विचारायला. मग जड.

ती तबकडी पुढे बरीच वाजली. अलिबागच्या खाणावळीत, मुंबईच्या इराण्यांकडे, आणि म्हणतात, कॉलेजातली पोरं ती वाजवून वाजवून आपल्या गिटारींना असला फाटका आवाज कसा काढायचा ते शोधायची. त्यातली दोघं एकदा लाँचने मांडव्याला उतरून थोरल्या खारीपर्यंत चालत आली, ठमीला विचारायला, तार कुठली आणि मशीन कुठलं. ठमीने त्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडायला लावल्या आणि त्यांना वाफ्यात उतरवलं.

त्या दिवशी तुडवणी होती. बायकांची ओळ लागली होती, मधे ती दोन लांब केसांची पोरं, दोन्हीकडून कमरेला धरलेली. सगुणा माहेरी आली होती. तिने ओळीच्या टोकाला उभं राहून पहिला धवला फेकला, आणि काशीने नव्हे, भलत्याच कोणीतरी तो झेलला. सखुबाई बांधावर बसून पाय पाहत होती. एका पोराचं काही जमत नव्हतं. पहिल्याच पावलाला सगळा भार टाकायचा आणि गुडघाभर रुतायचा.

"वो मुंबईकर!" सखुबाईने असेल नसेल तो सगळा गळा लावला. ओळ थांबली, तिच्याकडे वळली. "पयल्याला विचारायचं फकस्त. जोर दुसऱ्याला!"

पोराने पाय उपसला, हसला आणि पुन्हा टाकला.

हलकं.